ओल कुणाची?

सोसायटीची बैठक तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये होती. ऑगस्टचा पहिला रविवार. बाहेर पाऊस लागलेला, त्यामुळे प्लास्टिकच्या खुर्च्या आत सरकवून सगळे दाटीवाटीने बसलेले. विषयपत्रिकेत पाचवा विषय होता ‘गळतीबाबत तक्रार’. तक्रार आमच्याविरुद्ध होती.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मोबाईल पुढे केला. त्यांच्या बेडरूमच्या भिंतीचा फोटो होता. वरच्या कोपऱ्यापासून खाटेपर्यंत उतरलेला पिवळट डाग, मध्ये सुटलेले पोपडे. तो कोपरा आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली येतो. काका एवढंच म्हणाले, “आईला दमा आहे. तिची खाट त्याच भिंतीला आहे. काहीतरी करा.”

त्यांचं बोलणं रास्त होतं. पण मागच्या रांगेतून एक सदस्य म्हणाले, “गळणारच. त्यांच्याकडे दिवसातून पाच वेळा नळ चालू असतो. हातपाय धुणं, गुळण्या. कुठली बाथरूम टिकेल?”

दोन-तीन जण हसले. कुणी काही बोललं नाही. काकाही बोलले नाहीत. मी म्हणालो, “बघून घेतो,” आणि खाली बसलो. शेजारी अम्मी बसली होती. तिने पदर सारखा केला आणि बैठक संपेपर्यंत पार्किंगच्या फरशीकडे बघत राहिली.

पनवेलमधली आमची ही इमारत चार मजल्यांची. १९९४ साली आम्ही इथं राहायला आलो. अब्बा आणि काका वीसेक वर्षं एकाच लोकलने मुंबईला नोकरीला जात. अब्बा गेले तेव्हा काका कब्रस्तानापर्यंत आले होते आणि शेवटपर्यंत थांबले होते. मला ते लहानपणापासून ‘तू’ म्हणतात. तक्रारीच्या महिनाभर आधी एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, “तुम्ही जरा तुमच्या बाथरूमचं बघा.” त्या ‘तुम्ही’नेच मला कळायला हवं होतं की गोष्ट बरीच पुढे गेलीये.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर गॅलरीत एक बादली दिसली. अम्मी तिच्यासमोर पाटावर बसून तांब्याने वजू करत होती. बाथरूममधला नळ तिने सोडून दिला होता. मी विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “कुणाला त्रास नको.”

मला राग आला. खूप आला. त्या रात्री मी इथं टाकण्यासाठी एक लेख लिहायलाही घेतला होता. शीर्षकही सुचलं होतं. मुसलमानाचं पाणीसुद्धा संशयित कसं असतं, वगैरे. तो लेख पूर्ण झाला नाही याचं कारण म्हणजे माझे मामू.

मामू चिपळूणचे. गवंडी. उमेदीची वीस वर्षं त्यांनी कुवेतला बांधकामावर काढली. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी ते आमच्याकडे आले होते. मी तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “खाली जाऊन भिंत बघितलीस?”

मी बघितली नव्हती. बैठकीतल्या कुणीच बघितली नव्हती.

“मग भांडतोस कशावरून? आधी पाणी शोध. माणूस नंतर.”

संध्याकाळी आम्ही दोघं खाली गेलो. काकांनी दार उघडलं, पण बोलणं तुटकच होतं. मामूंना त्याचं काही नव्हतं. खोलीत शिरल्याबरोबर ते दारातच थांबले आणि त्यांनी वास घेतला. ओल दिसायच्या आधी वासाने कळते, असं त्यांचं म्हणणं. बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा कुबट वास. घरात राहणाऱ्यांना तो जाणवत नाही, कारण नाक सरावतं. म्हणून दोन दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडताना येणारा पहिला वास लक्षात ठेवावा. तो खरा.

मग त्यांनी हाताची पाठ भिंतीवर टेकवली. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला गारवा चटकन कळतो. भिंतीतलं पाणी वाफ होऊन उडत असतं, त्यामुळे ओली जागा आजूबाजूच्या जागेपेक्षा थंड लागते. खिशातून एक नाणं काढून ते गिलाव्यावर टकटक करत गेले. चांगल्या जागी आवाज भरीव येत होता, डागाच्या कडेला पोकळ. पोकळ म्हणजे गिलावा विटेपासून सुटलेला. जिथं डाग अजून दिसत नव्हता, तिथंही हातभर अंतरापर्यंत आवाज पोकळ होता. म्हणजे जेवढी ओल दिसत होती त्याच्या दीडपट तरी आत होती.

“हे कपाट सरकवू या?” मामूंनी विचारलं.

लाकडी कपाट सरकवलं आणि काकू “अगंबाई” म्हणत मागे झाल्या. मागची सगळी भिंत काळ्या बुरशीने भरली होती. बोटाने पुसली तर काजळीसारखी येत होती. बाहेरच्या भिंतीला अगदी टेकून कपाट ठेवलं की मागे हवा खेळत नाही आणि तिथं बुरशीला आयतं घर मिळतं. भिजलेली वस्तू वेळेत वाळली नाही तर एक-दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरू शकते. इथं तर किती पावसाळे गेले होते कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आजी त्या कपाटापासून दोन फुटांवर झोपत होत्या. त्यांचा पंप उशाशी होता.

मामूंनी आधी दोन कामं करायला लावली. आजींची खाट पुढच्या खोलीत हलवली आणि त्या भिंतीवरच्या स्विचबोर्डचा एमसीबी खाली पाडला. वायरिंगच्या नळ्यांतून पाणी उतरतं, ओल्या बोर्डाला हात लावू नये, हे त्यांनी काकूंना दोनदा बजावलं.

मग त्यांनी विचारलं, “भाभी, हा डाग कधी येतो?”

“दरवर्षीच. दिवाळीला रंग काढतो, श्रावणात पुन्हा पोपडे.”

“उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात कोरडा असतो. नुसती पांढरी भुकटी पडते.”

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतले, विटेतले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात आणि रंगाला ढकलून देतात. लोणा दिसला म्हणजे इथून कधीतरी पाणी गेलंय, मग आज भिंत कोरडी का असेना.

जिना चढताना मी मामूंना म्हणालो, “ऐकलंत ना? ओल फक्त पावसाळ्यात. आम्ही वजू बारा महिने करतो.” मला वाटलं, खटला इथंच निकाली निघाला.

मामू म्हणाले, “एवढी घाई करू नकोस. बारीक गळती उन्हाळ्यात असली तरी भिंत तेवढ्या वेगानं वाळते, म्हणून दिसत नाही. पावसाळ्यात हवाच ओली, भिंत वाळत नाही, तीच गळती मग डाग म्हणून दिसते. तुमची बाथरूमही असू शकते. तपासलं पाहिजे.”

मला हे आवडलं नाही. ज्या सदस्याने ते वाक्य टाकलं होतं, तो कदाचित बरोबरही ठरेल, ही शक्यता मला सहन होत नव्हती. पण मामूंना आमची बाजू घ्यायची नव्हती. त्यांना पाणी शोधायचं होतं.

त्याआधी मी एका ठेकेदाराला बोलावलं होतं. त्याने आमच्या बाथरूममध्ये डोकावून सांगितलं, “सगळी फरशी फोडावी लागेल, सत्तर हजार.” खालची भिंत त्याने पाहिली नाही. आपल्याकडे गळतीची बरीच कामं अशीच होतात. डागाच्या डोक्यावर जे घर असेल त्याची बाथरूम फोडायची. पाणी मात्र सरळ खाली उतरतंच असं नाही. स्लॅबमध्ये शिरलं की ते सळईच्या कडेने, नळ्यांच्या पोकळीतून, उतार असेल तिकडे सरकत जातं आणि जिथं वाट मिळेल तिथं बाहेर पडतं. डाग म्हणजे पाण्याचा शेवटचा मुक्काम. ते निघालं कुठून हे डागावर लिहिलेलं नसतं.

मामूंनी प्रश्न असा मांडला की पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकतं. एक, पाणी पुरवणारा पाईप. तो सतत दाबाखाली असतो, म्हणून गळती रात्रंदिवस, कुणी नळ उघडो न उघडो. दर सेकंदाला एकच थेंब पडला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. दोन, सांडपाणी. फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपमधून. ते वापरानंतरच गळतं. तीन, पाऊस. तो पडतो तेव्हा, किंवा दोन दिवसांनी.

याशिवाय एक चौथी गोष्ट असते, ती म्हणजे हवेतलं दंव. कुवेतमध्ये पाऊस नावाला, तरी मामूंनी भिजलेल्या भिंती पाहिल्या होत्या. बाहेर दमट उकाडा आणि आत एसीने गार झालेली भिंत, की थंड ताटलीवर जमतं तसं पाणी जमतं. त्यासाठी साधी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतून. आम्ही कागद लावला. थेंब आत जमले.

पुढचं काम काकूंनी केलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचे खाडे, गॅसच्या तारखा लिहिलेल्या. मामूंनी त्यांना पेन्सिलने डागाची कड आखायला आणि शेजारी तारीख टाकायला सांगितलं. रोज सकाळी बघायचं. कड ओलांडली तर नवी रेघ. आणि कॅलेंडरवर त्या दिवशी पाऊस होता की नाही एवढीच खूण.

वॉटरप्रूफिंगची कामं करणारा एक ओळखीचा मुलगा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. दोन सुया भिंतीत टोचायच्या, त्यांच्यामधून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा दिसतो. पाणी असलं की वीज सहज जाते. पण क्षार असले तरी जाते. म्हणून लोणा धरलेल्या भिंतीवर हे यंत्र उगाच मोठा आकडा दाखवतं. शिवाय अशी बरीच यंत्रं मुळात लाकडासाठी बनवलेली असतात. तेव्हा एका आकड्यावर विसंबायचं नाही. त्याच भिंतीवर, त्याच जागी, आज आणि उद्या काय फरक पडला ते बघायचं. त्याच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेराही होता. पडद्यावर तो कोपरा निळा दिसला तेव्हा काका पुढे सरसावले, “बघा, पाणी दिसलं.” तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “काका, कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. थंड जागा दिसते. सावलीतली भिंतही निळी दिसेल. याच्यावरून कुठं सुई टोचायची ते ठरवायचं, बस.”

ऑगस्टच्या अखेरीस पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली. मामू याचीच वाट बघत होते. आमच्या बाथरूममधली नहाणीची जाळी त्यांनी कापड आणि प्लास्टिकने घट्ट बुजवली, उंबऱ्यापाशी सिमेंटचा छोटा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरलं. त्यात खाण्याचा लाल रंग टाकला. २४ तास पाण्याला हात लावायचा नाही. पाण्याच्या पातळीवर टाइल्सला पेन्सिलची खूण केली. रंग खाली दिसेलच असं नाही, वाटेत विटा-सिमेंट तो गाळून घेऊ शकतात. म्हणून खालच्या भिंतीवर यंत्राचे आकडेही लिहून ठेवले.

आता प्रश्न आला की दिवसभर आम्ही काय करायचं. तो आजींनी सोडवला. आतल्या खाटेवरूनच ओरडून म्हणाल्या, “बाईंना खाली पाठवा. आमच्याकडे काय पाणी नाही?”

अम्मी संकोचली, पण गेली. दुपारच्या नमाजच्या वेळी तिने काकूंकडे एक तांब्या मागितला. मी यंत्र बघायला तिथंच होतो. आजी पुढच्या खोलीतून मोरीकडे बघत होत्या. अम्मीने हात धुतले, चूळ भरली, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. तांब्यात तळाला थोडं पाणी उरलं. ते तिने काकूंच्या तुळशीला घालू का, असं विचारलं.

आजी म्हणाल्या, “झालं? एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे लोक पाच वेळा नळ म्हणतात तो कुठला?”

काकू स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी पेपर वर धरला.

मी अम्मीच्या बाजूने एक गोष्ट इथं लिहून ठेवतो. प्रेषितांच्या वजूचं पाणी हदीसमध्ये एक ‘मुद्द’ सांगितलंय. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापात पाऊण लिटरच्या आत. वाहत्या नदीच्या काठी वजू केला तरी पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण आहे. आता हेही खरं की आपण सगळे ती पाळत नाही. मी स्वतः नळ सोडून वजू करायचो. एकदा खाली बादली ठेवून मोजलं तर सहा लिटर भरलं. त्या सदस्याचं वाक्य अम्मीला लागू नव्हतं, पण मला थोडं लागू होतं. अर्थात सहा लिटरने बाथरूम गळत नाही. पन्नास बादल्या ओतल्या तरी फरशीखालचं वॉटरप्रूफिंग शाबूत असेल तर थेंब खाली जात नाही आणि ते फुटलं असेल तर एक तांब्याही पुरतो. गळती किती पाणी वापरलं यावर नसते, ते कुठं अडायचं राहिलं यावर असते.

२४ तासांनी बाथरूममधलं पाणी पेन्सिलच्या खुणेवरच होतं. खालचे आकडे हलले नव्हते, उलट उघडीप असल्याने किंचित उतरले होते. सांडपाणी बाद झालं. मग रात्री घरातले सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीकडून येणारा आमचा व्हॉल्व्ह बंद केला, सकाळपर्यंत तसाच ठेवला. तरीही आकड्यांत फरक नाही. पुरवठ्याचा पाईपही बाद.

उरला पाऊस. आणि पाऊस तर त्या दिवसांत नव्हता. तेव्हा मामूंनी तो पाडला. मी गच्चीवर रबरी नळी घेऊन उभा राहिलो आणि पावसाचं पाणी जिथून खाली जातं त्या पाईपच्या तोंडात पाणी सोडत राहिलो. काका खाली भिंतीपाशी, फोन चालू. पहिला अर्धा तास काही नाही. एक तास झाला, काही नाही. माझा धीर सुटत चालला होता. पावणेदोन तासांनी फोनवर काकांचा आवाज आला, “थांब. थांब जरा. रेघ ओलांडली.”

त्यांनी ‘थांब’ म्हटलं हे मला नळी बंद केल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलाला दोर लावून डक्टमध्ये उतरवलं. आमच्या आणि काकांच्या मजल्याच्या मध्ये पावसाच्या पाईपचा सांधा उघडा पडला होता आणि त्यातून पिंपळाचं मनगटाएवढं खोड आलं होतं. मुळं विटांच्या सांध्यांत घुसलेली. पाऊस जोरात पडला की गच्चीवरचं पाणी तिथं फुटून भिंतीवर उडायचं, बीममध्ये मुरायचं आणि एक-दोन दिवसांनी आजींच्या उशाशी उतरायचं. काकूंच्या कॅलेंडरवर सगळं होतं. पावसाची खूण आणि नवी पेन्सिलची रेघ यांच्यात दर वेळी एक-दोन दिवसांचं अंतर. डक्टच्या बाजूला बीमवर लांब तडा होता आणि त्यातून तांबूस पाणी उतरल्याची रेष. म्हणजे सळई गंजायला लागली होती. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. आणखी काही पावसाळे रंग काढत राहिलो असतो तर प्रश्न डागाचा राहिला नसता.

डक्टमधला पाईप सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे की घराच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा, पावसाच्या आणि बाहेरच्या सामाईक पाईपच्या गळतीचा खर्च संस्थेचा. पंचवीस वर्षांत डक्टमध्ये कुणी उतरून पाहिलं नव्हतं. अर्धे त्यात कचरा टाकायचे, अर्धे खिडकी बंद ठेवायचे. पिंपळ कुणाच्याच घरासमोर नव्हता, म्हणून तो कुणाचाच नव्हता.

मी खुशीत होतो. बैठकीत काय बोलायचं ते मनात तयार केलं होतं. आणि नेमकं तेव्हा ते यंत्र आमच्याच घरात फिरलं.

तो मुलगा सामान आवरत होता. जाता जाता म्हणाला, “घरात आणखी कुठं बघायचंय का?” मी सहज म्हणालो, स्वयंपाकघरात बघ. सिंकखालचं कपाट उघडलं. भांडी घासायची पावडर, जुने डबे. मागच्या प्लायवूडची कड फुगून पापुद्रे सुटले होते. आम्ही ते रोज बघत होतो आणि रोज दार लावत होतो. सुया टोचल्या तर आकडा वर गेला तो थांबेना. सिंकचा पाईप भिंतीत जिथं शिरतो तिथला सांधा झिरपत होता. हे पाणी आमचं होतं. बारा महिन्यांचं.

खाली काय झालंय ते बघितलं नव्हतं. काकांकडून स्वयंपाकघराची तक्रार नव्हतीच. मी मामूंना हळूच म्हणालो, “उद्या प्लंबर बोलावून टाकू. विषय मिटला.” मनात हिशोब सरळ होता. बैठक पुढच्या रविवारी. आत्ता हे बाहेर आलं तर ‘गळती यांचीच’ हे वाक्य पुन्हा सुरू होणार, पिंपळाचं कुणी ऐकणार नाही.

अम्मी ओट्यापाशी उभी होती. तिने ऐकलं होतं. म्हणाली, “प्लंबरला उद्या बोलाव. खाली आत्ता सांगून ये.”

“अम्मी, बैठक होऊन जाऊ दे.”

“त्यांची भिंत बैठकीपर्यंत वाळणार आहे?”

मी खाली गेलो. आयुष्यात इतकं जड पाऊल मी त्या एका जिन्यावर टाकलं असेन. काकांना सांगितलं. ते काही न बोलता स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढले. पितळी भांडी, गणपतीच्या मखराचं सामान, स्टीलचे मोठे डबे एकेक करून मला खाली दिले. मागे भिंत काळी पडली होती. डब्यांखाली अंथरलेले वर्तमानपत्रांचे कागद भिजून लगदा झालेले. मखराच्या पुठ्ठ्याला बुरशी. ‘माफ करा’ एवढंच मला म्हणता आलं.

काका स्टुलावरून उतरले. हात पुसले. म्हणाले, “तू सांगितलंस म्हणून कळलं. नाहीतर आम्ही गणपतीलाच बघितलं असतं.” मग काकूंना म्हणाले, “याला चहा टाक.”

तो सांधा दुसऱ्या दिवशी बदलला. खर्च अर्थात आमचा. मखराचा पुठ्ठा आणि माळ्याचा रंग आम्ही देतो म्हटलं, काकांनी रंगाचे घेतले, मखराचे घेतले नाहीत.

रविवारच्या बैठकीत पिंपळाचे फोटो काकांनीच दाखवले. पेन्सिलच्या रेघांच्या तारखा त्यांनीच वाचल्या. मी तयार केलेलं भाषण केलं नाही. आमच्या सिंकची गळती मी उभा राहून सांगितली. कुणी काही म्हणालं नाही. पाईप बदलायचा, डक्ट साफ करायचं, बीमची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यायची असं ठरलं. पाच वेळा नळाचं वाक्य ज्यांनी टाकलं होतं ते मागच्या रांगेत होते. त्यांनी ठरावाला हात वर केला. त्या वाक्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

मामूंनी जाताना काकूंना सांगितलं, गिलावा खरवडून ठेवा, पण रंग होळीच्या आत लावू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. तेव्हा लोकांनी घाईघाईने भिंती रंगवल्या, कारण ते चित्र कुणालाच डोळ्यांसमोर नको होतं. पाणी आतच कोंडलं गेलं आणि पुढच्या वर्षी रंग सोलून निघाला. “भिंत बाहेरून आधी वाळते,” मामू म्हणाले, “आतून शेवटी. हात लावून कोरडी लागली तरी महिनाभर थांबायचं.”

त्या दिवाळीला काकांच्या बेडरूमची एक भिंत उघडीच होती. विटा, करडा गिलावा आणि पेन्सिलच्या तारखा. आजींची खाट पुढच्याच खोलीत राहिली. पंप अजून लागतो, पण रात्री उठून बसावं लागत नाही, असं काकू सांगत होत्या. होळीनंतर त्यांनी रंग लावला. या पावसाळ्यात मी दोनदा हात लावून आलो. भिंत कोरडी आहे.

अम्मीची बादली मात्र अजून गॅलरीतच आहे. मी म्हटलं, आता सगळं सिद्ध झालं, बाथरूममध्ये वजू करत जा. ती म्हणते, इथं वारा येतो, बरं वाटतं. मी आता तिला विचारत नाही. पहाटे नळ उघडायच्या ऐवजी मीही एक तांब्या भरून तिच्या शेजारी बसतो.